कृती दाखवलेली नाही

शिनोली, ता. आंबेगाव
दि. १२ ऑक्टोबर २००३

चि. सौ. अश्विनी हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझे पत्र परवा मिळाले. सोमाजी पोस्टमनने ते दारात उभे राहून आधी उलटेपालटे करून पाहिले, तिकिटावरचा राजा कोणत्या देशाचा ते विचारले, आणि मगच माझ्या हातात दिले. इकडे मी आणि तुझ्या सासूबाई ठीक आहोत. जानकाबाईचे गुडघे तेवढे कुरकुरतात, आणि त्या गुडघ्यांचा राग ती माझ्यावर काढते.

पत्र वाचून माझे डोके फिरले. आपल्या यशोधरेला गणित येत नाही, असे तिथल्या शाळेने कळवले म्हणे. अग, कोणाच्या नातीला? पस्तीस वर्षे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग घेतला. शिष्यवृत्तीला बसवलेली माझी पोरे आज तहसील कचेरीत खुर्चीवर बसलेली आहेत. आणि माझ्या घरातली नऊ वर्षांची पोर, तिसापर्यंत पाढे तोंडपाठ, पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ, तिला गणित येत नाही? मग येते तरी कोणाला, त्या शाळेच्या शिपायाला?

कपिलला कंपनीने प्लॅस्टिकच्या घरातले टोमॅटो नि ढोबळी मिरची शिकायला दोन वर्षांसाठी स्पेनला पाठवले, त्याचा मला आनंदच आहे. पण तुम्हा दोघींना बरोबर नेताना मी म्हणालो होतो, की पोरीचे शिष्यवृत्तीचे वर्ष आहे, तिला इथे ठेवा. तेव्हा चिरंजीव म्हणाले, की आबा, गणित सगळ्या जगात सारखेच असते. आता विचार त्याला, सारखे असते ना?

फोनवर बोलून काही होत नाही. घोडेगावच्या बूथवर रांगेत उभे राहावे, आणि पोर नऊचा पाढा सुरू करते न करते तोच लाइन कट व्हावी. म्हणून आता असे कर. रोज दिवेलागणीला तिच्याकडून परवचा म्हणून घे, एकही दिवस खाडा नको. आणि तिची गणिताची वही मला पोस्टाने पाठव. एकदा तपासतोच. रोग कुठे आहे ते कळल्याशिवाय औषध देता येत नाही.

जानकाबाईचे म्हणणे असे, की पोर अर्धपोटी असेल, तिला तिथे भाकरी कोण देणार. तिला दुसरे काही सुचत नाही. लोभ आहेच, वहीची वाट पाहतो आहे.

तुझा,
आबा

◆

अल्मेरिया, स्पेन
३ नोव्हेंबर २००३

ती. आबांस,
अश्विनीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी एकटीच हसले, आणि मग ते डाळीच्या डब्यामागं ठेवून दिलं. ‘सारखे असते ना’ हे वाक्य यशूच्या पप्पांना झोंबलं असतं. ते सकाळी अंधारात प्लॅस्टिकच्या शेडमध्ये जातात ते संध्याकाळी उकडून निघाल्यासारखे घरी येतात, त्यात तुमचा टोमणा नको.

आबा, गणित तिला येतं. अडचण निराळीच आहे. इथं रोज तास सुरू झाला की पाच मिनिटं तोंडी गणित असतं. रेमेदिओसबाई म्हणून तिच्या बाई आहेत, जाड्या आणि मायाळू, पण बोलतात अशा की मका भाजायला टाकलाय. त्या विचारतात, ‘सिएते पोर ओचो’, म्हणजे सात गुणिले आठ. आपली पोर आधी ‘सिएते’ म्हणजे सात हे शोधते. मग ओठ हलवून ‘सात आठे छप्पन्न’ म्हणते, ते विजेसारखं येतं. मग त्या छप्पन्नाचं पन्नास आणि सहा करायचं, मग त्या दोघांची इथली नावं शोधायची, ‘सिंक्वेंता इ सेइस’. तोवर वर्गातल्या बाकीच्यांनी उत्तर देऊन पेन्सिलीला टोकपण केलेलं असतं. बाईंना वाटायचं ही तोंडातल्या तोंडात प्रार्थना करते. आता तर तिनं तोंडच उघडायचं सोडलंय. सप्टेंबरपासून वर्गात एक शब्द नाही.

शाळेनं सांगितलंय, जूनपर्यंत तोंडी आणि लेखी दोन्ही जमलं तर पाचवीत, नाही तर चौथी परत. यशूला हे कळलंय. परवा विचारत होती, की नापास झाले तर आबांच्या शाळेतल्या फळ्यावर माझं नाव लिहितील का. मी म्हटलं, वेडी आहेस. पण झोपेपर्यंत ती त्याच काळजीत होती.

परवचाचं म्हणाल, तर माफ करा. यशूच्या पप्पांनी घरात आकडे फक्त स्पॅनिशमध्ये असा नियम केलाय. मला स्वतःला भाजीवालीकडे ‘मेदिओ किलो’ एवढंच येतं. त्याच्यापुढं गेलं की मी बोटं दाखवते. काल सहा लिंबं हवी होती, सोळा घेऊन आले. सध्या सगळं लिंबाचंच खातोय, त्यामुळं सासूबाईंना सांगा, पोर उपाशी नाही.

वही पाठवते आहे. ऑक्टोबरातली नवी वही आहे, भागाकाराची, दहा पानं झालीत. यशूनं स्वतः पाकिटात घातली आणि वर स्वतः लिहिलंय, ‘आबा, तपासून लवकर पाठवा’. मी काही सांगत नाही, तुम्हीच बघा.

माया आहे तशीच ठेवा, आणि रागपण जरा कमी करा.

तुमची सून,
अश्विनी

◆

शिनोली
२८ नोव्हेंबर २००३

चि. सौ. अश्विनी हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

वही मिळाली. एका बैठकीत तपासली, चहा दोनदा निवला. याच पाकिटात परत पाठवत आहे.

खरे सांगतो, पस्तीस वर्षांत असली वही पाहिली नाही. पहिल्याच ओळीत ६३ आणि ७ यांच्या मध्ये दोन टिंबे. हे गुणोत्तर झाले! चौथीच्या पोरीला गुणोत्तर कोण शिकवतो? पुढे ८६४ ला २४ ने भागायचे आहे. भाजक डावीकडे, कंसाबाहेर, हे मी तिला बोट धरून शिकवले होते. हिने तो उजवीकडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला, आणि भागाकार त्याच्याही खाली, तळघरात. बरे, मधली कृती? चोवीस त्रिक बहात्तर कुठे लिहिले? शहाऐंशीतून बहात्तर वजा केले ते कुठे? पत्ताच नाही. एकदम १४४ आणि मग शून्य. उत्तर मात्र ३६, बरोबर! कृतीवाचून बरोबर उत्तर येण्याचा एकच मार्ग असतो, आणि तो शेजारच्या पोराच्या वहीतून जातो. मी चौथीचा मास्तर आहे, मला तो मार्ग पाठ आहे.

आणखी ऐक. एके ठिकाणी १, मग टिंब, मग २५०. आता हा सव्वा म्हणायचा की सव्वा हजार? विचारायची सोय नाही. शिवाय प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात कोणीतरी हिरव्या शाईने रेघोट्या ओढल्या आहेत. वही स्वच्छ ठेवायला सांग.

दहाही पानांवर लाल शाईने काट मारली आहे. शेवटी शेरा दिला आहे, ‘कृती दाखवलेली नाही. कोणाचे बघून लिहिलेस?’ तिने सगळी गणिते आपल्या पद्धतीने पुन्हा सोडवावीत, आणि वहीवर पालकाची सही आणावी. माझ्या वर्गाचा नियम तिला ठाऊक आहे, सही नसेल तर मी वही हातात घेत नाही.

जानकाबाई बाजूला बसून हिरडे निवडत होती. लाल शाई पाहून तिने काय झाले ते विचारले, मी सांगितले, आणि तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. बायकांचे मला कळत नाही.

कडक लिहिले तरी पोटात माया आहे, हे तुला ठाऊक आहेच.

आबा

◆

अल्मेरिया
२२ डिसेंबर २००३

ती. आबांस,
जयभीम.

आज वि. वि. लिहायला हात होत नाही, तरी लिहिते. तुम्ही मोठे आहात. मी तुमच्यापुढं कधी वर तोंड करून बोलले नाही. पण आज बोलणार आहे.

ती वही म्हणजे यशूची ह्या शाळेतली पहिली बरोबर आलेली वही होती. दहा पानं, दहाही बरोबर. इथं भागाकार असाच मांडतात, भाजक उजवीकडं कोपऱ्यात आणि उत्तर त्याच्या खाली. इथं भागिले म्हणून दोन टिंबंच देतात. हजाराच्या पुढं टिंब देतात आणि अपूर्णांकाला स्वल्पविराम. आणि मधली वजाबाकी मनात करायची असते, लिहिली तर बाई म्हणतात एवढं मोठं मूल अजून लिहून वजा करतं. आपल्या पोरीनं सात आठवडे डोकं खाजवून हे सगळं उलटं करून घेतलं. त्या हिरव्या रेघोट्या नाहीत आबा, त्या रेमेदिओसबाईंच्या बरोबरच्या खुणा आहेत. शेवटच्या पानावर ‘मुई बिएन’ लिहिलंय, म्हणजे फार छान. त्याच्यावरूनच तुमची काट गेलीय.

ती वही तिनं तुम्हाला का पाठवली? मी पाठवते म्हटल्यावर तिनं आधीची जुनी वही लपवली आणि ही दिली. आबांना दाखवायचं होतं की मला येतं. सोमवारी पाकीट आलं. तिनं उभ्या उभ्या पानं चाळली. रडली नाही. मला विचारलं, की आबांना वाटतं का मी कॉपी केली. वही तिनं गादीखाली घातलीय. त्या दिवसापासून गणिताला हात लावलेला नाही. शाळेत पेन्सिल धरून नुसती बसते. परवा बाईंनी मला बोलवून घेतलं आणि हात धरून काहीतरी लांबलचक सांगितलं. मला निम्मंच कळलं. पण ‘जून’ कळला.

मी निरगुडसरची शेतकऱ्याची पोर, बारावीपर्यंत शिकले ते मास्तरांचा मार खाऊनच. पण माझ्या मास्तरांनीसुद्धा बरोबर गणित कधी चूक दिलं नव्हतं. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

तब्येतीला जपा.

अश्विनी

ता. क. आबा, मी कपिल. कृपा करून आता पाढे, वह्या, शेरे काही पाठवू नका. तिला आधीच दोन शाळांचं ओझं झालंय. तुमची शाळा तरी बंद करा.

◆

शिनोली
१४ जानेवारी २००४

चि. सौ. अश्विनी आणि चि. कपिल यांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र मिळून चार दिवस झाले. तीन दिवस मी तुम्हा सर्वांवर चिडून होतो. स्पेनवर, भाजक उजवीकडे ठेवणाऱ्यांवर, कपिलच्या ताज्या कलमावर. बापाची शाळा बंद करतो! चौथ्या दिवशी तुझे पत्र जानकाबाईला वाचून दाखवले. वाटले, ती तरी माझ्या बाजूने बोलेल.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “माझ्या पाटीवरबी असंच केलं व्हतं तुमी. लेकराला तरी सोडा.”

मला काही आठवेना. मग तिने सांगितले. एकसष्ट साल. आमचे लग्न होऊन चार महिने झाले होते, मला नोकरी लागून दोन वर्षे झाली होती, आणि मास्तरची बायको अंगठा देते हे बरे दिसेना म्हणून मी तिला पाटी आणून दिली. तिने दिवसभर कामातून वेळ काढून सात वेळा ‘ज’ काढला. संध्याकाळी मी शाळेतून आलो, लाल खडू घेतला आणि सातही कापले. वर ‘अशुद्ध’ लिहिले. तिला तर ते वाचताही येत नव्हते. तिने मला विचारले, काय लिहिले, आणि मी सांगितले. दुसऱ्या दिवसापासून ती पाटी पाण्याच्या घागरीवर झाकण म्हणून गेली.

घागरीवरची पाटी मला आठवते. अश्विनी, ती तिथे का गेली हे मी बेचाळीस वर्षांत विचारले नाही. मी गावभर सांगत आलो, की हिच्या डोक्यात अक्षर शिरत नाही. मास्तरच्या घरात अंगठा, म्हणून लोक हसले तर मीही त्यांच्यात हसलो. ती ऐकत होती आणि भाकऱ्या थापत होती. काल ती बोलली ती पहिल्यांदा, तेही यशूसाठी. स्वतःसाठी तिने तोंड उघडले नसते.

तेव्हा लिहितो. मी चुकलो. यशूचे उत्तर बरोबर होते, कृती बरोबर होती, आणि तिने कोणाचे पाहिले नव्हते. हे तिला माझ्या नावाने, मोठ्याने वाचून दाखव.

नुसते एवढ्याने भागणार नाही, हे मला कळते. पोर माझ्यावर विश्वास का ठेवेल? म्हणून माझी विनंती आहे, आणि मी सुनेला विनंती सहसा करत नाही. तिथली भागाकाराची पद्धत पायरीपायरीने लिहून पाठव. एक ते शंभर आकड्यांची नावे देवनागरीत लिहून पाठव. मी ती शिकतो, गणिते सोडवतो, आणि वही यशूकडे तपासायला पाठवतो. तिने काट मारावी. लाल पेनाने मारावी.

कपिल, ही माझी शाळा नव्हे. तिची आहे. मी विद्यार्थी. परवानगी असावी.

आबा

◆

अल्मेरिया
८ फेब्रुवारी २००४

ती. आबांस,
अश्विनीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

आज वि. वि. मनापासून लिहिते आहे. तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘मी चुकलो’ ह्या ओळीपाशी यशूनं मला थांबवलं आणि पत्र स्वतः हातात घेऊन बघितलं, खरंच तसं लिहिलंय का. तिच्या मते आबा चुकत नाहीत, म्हणजे मग नक्की तीच चुकली असणार, असं तिनं धरून ठेवलं होतं. पाटीची गोष्ट मी तिला सांगितली नाही. यशूच्या पप्पांना सांगितली. ते उठले आणि बाहेर जाऊन आले.

यादी आणि पद्धत पाठवते आहे. आधी मीच लिहायला बसले, पण तिसऱ्या पायरीला यशूनं माझ्या हातातून कागद ओढला. मम्मी, तू आबांना चुकीचं शिकवशील, म्हणाली. दोन महिन्यांत पहिल्यांदा गणितावर बोलली ती एवढंच. तेव्हा पुढचं सगळं तिच्याच अक्षरात आहे. वही गादीखालीच आहे अजून, पण असू द्या.

एक सावध करून ठेवते. ती म्हणाली आहे, की आबा मुद्दाम चुकले तर मला कळेल. तेव्हा नाटक करू नका.

सासूबाईंना माझा वेगळा जयभीम सांगा. त्यांना म्हणावं, तुम्ही बोललात म्हणून बरं झालं.

तुमची,
अश्विनी

◆

शिनोली
६ मार्च २००४

चि. यशोधरा हिस,
अनेक आशीर्वाद.

सोबत माझी वही आहे. वीस गणिते आहेत. दहा भागाकार तुझ्या पद्धतीने, आणि दहा आकडे अक्षरी.

मुद्दाम चुकण्याची भीती बाळगू नकोस. त्याची गरजच पडली नाही. अडुसष्ट वर्षांच्या डोक्यात ही नावे घालणे म्हणजे भरल्या पोत्यात धान्य ओतणे आहे. ‘सेसेंता’ आणि ‘सेतेंता’ यांत एकाने तरी आपले नाव बदलावे, असे माझे मत आहे. ‘सिएते पोर ओचो’ म्हटले की माझ्या तोंडात छप्पन्न येऊन उभे राहते आणि हलतच नाही. त्याला ढकलून बाहेर काढावे तोवर मी पुढचे विसरतो. तू वर्गात गप्प का बसत होतीस, ते मला आता कळले. मी तर माझ्याच पडवीत बसून गप्प होतो, आणि मला घड्याळ लावून कोणी विचारत नव्हते.

मी अंगणात फेऱ्या मारत पाढे म्हणतो. शेजारची साळुबाई आजीला विचारत होती, की गुरुजींनी कसले व्रत धरले आहे का. डिंभ्याच्या गाडीत बसल्या बसल्या मोठ्याने ‘नुएवे’ म्हणालो तर कंडक्टरने मला नऊ तिकिटे हवीत का विचारले नाही, पण दोनदा वळून बघितले.

भागाकारात मला मधली वजाबाकी मनात धरवत नाही. प्रयत्न केला. तपास आणि जे असेल ते स्पष्ट लिही. सवलत देऊ नकोस.

तुझा विद्यार्थी,
आबा

◆

अल्मेरिया
२ एप्रिल २००४

प्रिय आबा,
जयभीम. आजीला पण.

तुमची वही तपासली. तुम्हाला २० पैकी ११ मिळाले.

भागाकाराची उत्तरं सगळी बरोबर आहेत. पण तुम्ही ९४५ : २७ मध्ये ८१ लिहून वजा केलं आणि मग १३५ लिहून परत वजा केलं. एवढी कृती दाखवायची नाही. मनात करायची. म्हणून अर्धा अर्धा मार्क कापला. आकड्यांमध्ये सहाच बरोबर आहेत. तुम्ही सदुसष्टला सेतेंता लिहिलं आणि शहात्तरला सेसेंता लिहिलं. सेसेंता म्हणजे साठ. मी यादीत लिहून दिलं होतं. यादी बघा.

तुमची वही मी शाळेत नेली होती. रेमेदिओसबाईंनी विचारलं हे कोणाचं. मी सांगितलं माझ्या आजोबांचं, ते ६८ वर्षांचे आहेत आणि त्यांना भागाकार नीट येत नाही. सगळी मुलं हसली. मग बाईंनी मला फळ्यावर बोलवलं आणि विचारलं, त्यांनी असं का लिहिलंय. मी दोन्ही पद्धती करून दाखवल्या. आपली आणि यांची. बोलावंच लागलं, कारण नुसतं लिहिलं असतं तर त्यांना वाटलं असतं तुम्ही मठ्ठ आहात.

शेरा: प्रगती साधारण. सराव हवा. अक्षर चांगले आहे.

पुढच्या वहीवर पालकांची सही आणा. सही नसेल तर वही तपासणार नाही. तुमचाच नियम आहे.

तुमची,
यशोधरा

◆

अल्मेरिया
२६ जून २००४

ती. आबांस आणि सौ. आईंस,
अश्विनीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

आधी निकाल. पोर पाचवीत गेली. इथं मार्क देत नाहीत, शेरा देतात. गणिताला ‘प्रगती पुरेशी’ असा मिळालाय. फार छान नाही, पुरेशी. मला पुरे आहे. तोंडी परीक्षेला बाईंनी सात आठे विचारलं आणि हिनं घड्याळ वाजायच्या आत सांगितलं. घरी येऊन म्हणाली, की मम्मी, छप्पन्न आलंच नाही, सरळ सिंक्वेंता इ सेइस आलं. मला आनंद झाला, आणि आपलं छप्पन्न गेलं म्हणून वाईटपण वाटलं. यशूच्या पप्पांना सांगितलं तर त्यांनी स्वतःचाच नियम मोडला. आता रोज दिवेलागणीला तेच तिला पुढं बसवून मराठी पाढे म्हणून घेतात आणि बाराच्या पुढं स्वतः अडखळतात. ती त्यांनापण मार्क देते.

आता तक्रार. तुमची मे महिन्यातली दुसरी वही न तपासता परत पाठवते आहे, माझा नाइलाज आहे. यशू म्हणते सही नाही. मी म्हटलं, अगं, आबांचे आईवडील कधीच गेले, सही कोणाची आणतील? तर म्हणते, घरात आबांना रागावतं कोण? आजी. मग आजीच पालक. मी म्हटलं, आजीचा अंगठा चालेल का. तर म्हणाली, अंगठ्यात कृती दिसत नाही. आबा, ही पोर तुमच्यावरच गेलीय, मी काय करू?

आई, तुमचं नाव मी इथं मोठ्या अक्षरात लिहिते आहे. राग मानू नका, जमलं तर बघा, नाही तर सोडून द्या:

जानकाबाई

दोघांनी एकमेकांशी भांडण बेतानं करावं.

तुमची,
अश्विनी

◆

शिनोली
१८ जुलै २००४

चि. सौ. अश्विनी, चि. कपिल आणि आमच्या बाई यशोधरा यांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

निकाल कळला. घरात गूळ होता तो जानकाबाईने आळीभर वाटला आणि मला चहाला राहिला नाही. साळुबाईला तिने सांगितले, की नात तिकडच्या भाषेत पास झाली आणि म्हातारा नापास झाला.

सहीचे काम वैताग आणणारे झाले. मी लगेच म्हणालो, की चल, मी शिकवतो, एका दिवसाचे काम आहे. तिने सरळ नाही म्हटले. माझ्याकडून शिकायचे नाही, मी बघायचेसुद्धा नाही, आणि आधी ते लाल पेन घरातून काढायचे. पेन मी सोमाजीला देऊन टाकले. मग तिने तुझे पत्र मागून घेतले, आणि आठ दिवस ते तिच्या कमरेच्या पिशवीत होते. स्वयंपाकघराचे दार लोटून ती काय करत होती ते मला ठाऊक नाही. मी दोनदा खोकलो, तर आतून सांगण्यात आले, की बाहेर पाढे म्हणा. मी अंगणात सेसेंतापासून सेतेंतापर्यंत जाऊन आलो, दहाव्यांदा.

काल ती बाहेर आली. वही मागितली, माझे पेन घेतले, निळे, आणि खाली बसून सही केली. तेवढ्याला बराच वेळ लागला. मला वही परत देताना तिने माझ्याकडे बघितले, आणि मी त्या सहीकडे.

‘ज’ चे पोट उलट्या बाजूला गेले आहे, आणि एक काना राहिला आहे. दोन्ही मला पहिल्या नजरेलाच दिसले, पस्तीस वर्षांची सवय आहे. वही तशीच पाकिटात घालून, पाकीट तिच्यासमोर चिकटवले.

बाई, सही आणली आहे. आता वही तपासावी. माया असू द्यावी, मार्क जे असतील ते.

आपला विद्यार्थी,
सोपान (आबा)

पालकाची सही वहीच्या शेवटच्या पानावर आहे. तिच्यावर कोणी काट मारू नये.